घरी बांधलेला गिटार अ‍ॅम्प : दोष ट्रान्झिस्टरचा नाही

गिटारवाल्यांच्या जगात ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला फारशी इज्जत नाही. व्हॉल्व्हचा तो खरा अ‍ॅम्प, ट्रान्झिस्टरचा म्हणजे तडजोड, हे नवशिक्याला पहिले तीन कॉर्ड बसायच्या आतच कोणीतरी ऐकवतं. या बदनामीला इतिहास आहे. फेंडरने १९६६ साली ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प बाजारात आणले. ते तापले, बंद पडले, कोरडे वाजले आणि काही वर्षांतच गुंडाळावे लागले. पण १९७५ साली आलेला रोलंडचा जेसी-१२० आजही तयार होतो. दोन बाजूंना साठ-साठ वॅट, बारा इंची दोन स्पीकर, आणि आत एकही व्हॉल्व्ह नाही. स्वच्छ आवाजासाठी तो मुद्दाम मागून घेणारे वादक जगभर आहेत. तेव्हा दोष ट्रान्झिस्टरच्या माथी मारण्याआधी तो जोडला कसा आहे, हे पाहायला हवं.

माझं मत सांगून टाकतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा जो 'कोरडेपणा' म्हणतात, तो मुख्यतः दोन कारणांनी येतो. पॉवर अ‍ॅम्प स्पीकरला फार घट्ट धरून ठेवतो, हे एक. आणि मर्यादा ओलांडली की तो लहरीची टोकं कात्रीने कापल्यासारखी छाटतो, हे दुसरं. दोन्हींवर घरच्या घरी इलाज आहे आणि तो काही रुपयांचा आहे. मात्र त्याआधी अ‍ॅम्प नीट बांधलेला हवा, म्हणून सुरुवात तिथून करू.

हा लेख ज्यांना सोल्डर मारता येतो, मल्टिमीटर वापरता येतो आणि साधी सर्किट आकृती वाचता येते, त्यांच्यासाठी आहे. २३० व्होल्टच्या बाजूला हात लावायची ही तुमची पहिलीच वेळ असेल, तर तेवढं काम जाणत्या माणसाला शेजारी बसवून करा.

किती वॅट?

दुकानात गेलात की समोरचा विचारतो, "किती वॅटचा बनवायचाय?" आणि दोनशे वॅटचा तयार बोर्ड पुढे करतो. त्यावर बहुतेक वेळा ५२०० आणि १९४३ या जोडीचे ट्रान्झिस्टर असतात. डीजेच्या वूफरला तो बोर्ड चालेलही, गिटारला त्याची गरज नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट, साधा हाय-फाय वूफर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास देतो आणि चांगला बारा इंची गिटार स्पीकर ९८ ते १०० देतो. हा दहा डेसिबलचा फरक वॅटने भरून काढायचा तर दहापट वॅट लागतील. म्हणून वॅटवरचे पैसे वाचवा आणि स्पीकरवर घाला. ड्रमवाल्यासोबत वाजवायलाही पन्नास वॅट आणि चांगला स्पीकर पुरतो.

पन्नास वॅटसाठी माझी पसंती एलएम ३८८६ या आयसीला. अकरा पायांची ही एकच चिप म्हणजे आख्खा पॉवर अ‍ॅम्प आहे. तिच्यात तापमानाचं, शॉर्ट सर्किटचं आणि जास्त करंटचं संरक्षण आहे. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार ती अधिक-उणे ३५ व्होल्टवर ८ ओहमला ५० वॅट आणि अधिक-उणे २८ व्होल्टवर ४ ओहमला ६८ वॅट देते. टीडीए ७२९४ हाही चांगला पर्याय आहे. छोट्या खोलीत सरावापुरता हवा असेल तर एलएम १८७५ घ्या. वीस वॅटसुद्धा घरात शेजारी दार वाजवतील इतके होतात.

आयसी कुठून घेता, याला मात्र महत्त्व आहे. पॉवर ट्रान्झिस्टर आणि ऑडिओ आयसी यांच्या नकला बाजारात सर्रास मिळतात. वरचा छापा हुबेहूब, आतली सिलिकॉनची चकती नखाएवढीही नाही. खरी चिप ज्या भावाला मिळते त्याच्या चौथाई भावात कोणी देत असेल तर ती घेऊच नका. अधिकृत वितरकाकडून मागवली तर कुरियरचे पैसे वर जातील, पण स्पीकर वाचेल.

ट्रान्सफॉर्मर आणि सप्लाय

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे २४-०-२४ व्होल्ट, ३ अँपियर असा ट्रान्सफॉर्मर सहज मिळतो. आपल्याला हाच हवा. हिशेब असा : २४ चा शिखर-व्होल्टेज ३४, त्यातून ब्रिजचा एक व्होल्ट गेला की ३३. पूर्ण जोराने वाजवताना लहरींचे एक-दोन आणि आयसीचे स्वतःचे तीनेक व्होल्ट वजा केले की स्पीकरला २८ व्होल्टचं शिखर मिळतं. २८ चा वर्ग भागिले १६, म्हणजे ८ ओहमला ४९ वॅट.

मग २८-०-२८ घेतला तर आणखी मिळतील, हा मोह टाळा. ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना व्होल्टेज आठ-दहा टक्के वर असतो. त्यात गावाकडे रात्री लाइन २५० वर जाते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की २४ व्होल्टच्या वाइंडिंगमधूनही एका बाजूला जवळजवळ ४० व्होल्ट येतात. एलएम ३८८६ ची चालू अवस्थेतली मर्यादा दोन्ही बाजू मिळून ८४ व्होल्ट, म्हणजे एका बाजूला ४२. बाकी राहिले दोन. त्यात खेळू नये.

ट्रान्सफॉर्मर विकत घेताना वजन हातात घेऊन पाहा आणि वाइंडिंग तांब्याचं आहे का हे विचारा. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका असतो आणि 'तीन अँपियर' सांगून दीड अँपियरला कढत होतो. ब्रिज २५ अँपियरचा, धातूचा चौकोनी, चासीला बोल्टने आवळता येणारा. कॅपॅसिटर प्रत्येक बाजूला १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट. प्रत्येक कॅपॅसिटरवर २.२ किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर समांतर जोडा. अ‍ॅम्प बंद केल्यावर दोनेक मिनिटांत तो कॅपॅसिटर रिकामे करतो. हा रेझिस्टर नसेल तर उद्या सकाळी स्क्रूड्रायव्हर आत घातल्यावर ठिणगी उडेल. प्रायमरीला १ अँपियरचा स्लो-ब्लो फ्यूज, दोन्ही डीसी बाजूंना ३ अँपियरचे फ्यूज. मागच्या पॅनलवर संगणकाला असतं तसं तीन पिनांचं पॉवर सॉकेट लावा. फ्यूज होल्डर त्यातच येतो आणि वायर ओढली जाऊन आतला जोड सुटण्याची भानगड राहत नाही.

उष्णता

या अ‍ॅम्पमध्ये सर्वांत वाईट परिस्थितीत, म्हणजे अर्ध्याच्या आसपास जोर असताना, आयसीत तीसेक वॅट उष्णता होते. खरा स्पीकर काही निव्वळ रेझिस्टर नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात क्षणभर याहून जास्तही होते. प्रति वॅट १ अंशाचा हीटसिंक घेतला तर तो हवेपेक्षा तीस अंशांनी वर जाईल. महाबळेश्वरला ठीक आहे. चंद्रपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंश असते आणि अ‍ॅम्प लाकडी खोक्यात कोंडलेला असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी हीटसिंक दुपटीने मोठा घ्यावा आणि पाती उभी राहतील असा, शक्यतो खोक्याच्या बाहेरच्या बाजूला लावावा.

साध्या एलएम ३८८६ ची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते. ती थेट हीटसिंकला आवळली आणि हीटसिंक चासीला लागला की शॉर्ट. मध्ये अभ्रकाचा वॉशर आणि दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट अगदी पातळ लावा. स्क्रूला प्लास्टिकचं बुश घाला. आवळल्यावर मल्टिमीटरच्या कंटिन्यूइटीवर पाठ आणि हीटसिंक तपासा. बीप वाजता कामा नये. ड्रिलच्या भोकाला राहिलेला एक बारीक कंगोरा अभ्रक फाडतो, म्हणून भोक पाडल्यावर जाड ड्रिलचं टोक हाताने फिरवून कडा गुळगुळीत करा.

आठव्या पायाबद्दल एक सूचना, कारण इथे बरेच जण अडकतात. तो म्यूटचा पाय आहे. त्यातून उणे सप्लायकडे अर्धा मिलिअँपियर तरी वाहिल्याशिवाय चिप आवाज सोडत नाही. तिथून उणे सप्लायला ३३ किलोओहमचा रेझिस्टर लावला की काम होतं. तो विसरला की सगळे व्होल्टेज बरोबर, अ‍ॅम्प मुका, आणि माणूस चांगली चिप कचऱ्यात टाकतो.

ग्राउंड आणि गुणगुण

घरी बांधलेल्या दहांतल्या आठ अ‍ॅम्पची तक्रार एकच असते, हम. उपाय वायर जाड करण्यात नसून वायर कुठे जाते यात आहे. दोन मोठ्या कॅपॅसिटरांचा मधला जोड आधी एकमेकांना घट्ट जोडा. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप तिथेच येऊ द्या. तिथून एक छोटी जाड वायर काढून एका बोल्टवर आणा. हा तुमचा मुख्य ग्राउंड बिंदू. स्पीकरची परतीची वायर, आउटपुटवरच्या रेझिस्टर-कॅपॅसिटर जोडीचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड या तिन्ही वायर स्वतंत्रपणे याच बोल्टवर याव्यात. इनपुटचं ग्राउंड स्पीकरच्या परतीच्या वायरीवर कुठेतरी मध्येच चिकटवलं, तर स्पीकरचा काही अँपियरचा करंट इनपुटच्या मिलिव्होल्टमध्ये मिसळतो. मग कुठलंही फिल्टर लावा, उपयोग होत नाही. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून शक्य तितका लांब ठेवा आणि बोल्ट शेवटचा आवळण्याआधी तो थोडा फिरवून पाहा. काही कोनांत हम ऐकण्याइतकी कमी होते.

आता जे सांगतो ते या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. ग्राउंड केबलच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या चासीला पोचतं. म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं कायम अ‍ॅम्पच्या चासीवर असतात. चासीला अर्थिंग नसेल आणि आत कुठे फेज लागला, तर २३० व्होल्ट तारांवर. समोर माइकला ओठ लागले की सर्किट पूर्ण. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून जागीच गेला. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात दोन वायरी सोलून, काडी खोचून सॉकेटात बसवलेल्या दिसतात. तिथे अर्थिंगचा प्रश्नच येत नाही.

म्हणून प्लग तीन पिनांचा, हिरवी वायर चासीला स्वतःच्या वेगळ्या बोल्टने आवळलेली, आणि हम घालवायला अर्थची पिन कधीही काढायची नाही. दोन उपकरणांमध्ये ग्राउंडचा फेरा होऊन हम येत असेल, तर ऑडिओचा ग्राउंड बिंदू आणि चासी यांच्यामध्ये १० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर आणि त्याला समांतर दोन्ही दिशांनी जाड डायोड घाला. त्यासाठी दुसरा चौकोनी ब्रिज वापरता येतो. पण मग इनपुटचा जॅक चासीपासून अलग ठेवायला विसरू नका, नाहीतर तो या रेझिस्टरला वळसा घालेल. चासी स्वतः मात्र अर्थिंगला थेटच जोडलेली राहिली पाहिजे. घरच्या बोर्डावर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी बसवून घ्या. अ‍ॅम्प नसला तरी ती असावी.

पहिल्यांदा चालू करताना

गल्लीतल्या कुठल्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो. एक बल्ब, एक सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये. तो करून घ्या. बल्ब जुना तारेचा, १०० वॅटचा हवा. एलईडी चालत नाही. तारेचे बल्ब आता शोधावे लागतात, पण मिळतात.

डीसी बाजूचे दोन्ही फ्यूज काढून ठेवा आणि फक्त सप्लाय सिरीज बोर्डावर चालू करा. बल्ब क्षणभर पेटेल, मग विझल्यासारखा होईल. कॅपॅसिटरवर अधिक-उणे ३४ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. बल्ब पेटलेलाच राहिला तर ब्रिज किंवा कॅपॅसिटर उलटा लागला आहे. बंद करा, कॅपॅसिटर रिकामे झाले का ते मीटरने पाहा, मग फ्यूज घाला. स्पीकर अजून लावायचा नाही. पुन्हा चालू करा. ही चिप नुसती बसून पन्नास मिलिअँपियरच्या आसपास घेते, तेव्हा बल्ब अंधुकच राहायला हवा. आता आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. कित्येक व्होल्ट दिसले तर फीडबॅकचा रेझिस्टर कुठेतरी सुटलेला आहे किंवा चिप गेलेली आहे.

यानंतर ८.२ ओहमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर स्पीकरच्या जागी लावा आणि मोबाइलमधून हळू आवाजात सूर सोडून पाहा. मग एखादा फुकट गेला तरी चालेल असा जुना स्पीकर. चांगला गिटार स्पीकर सगळ्यात शेवटी, आणि सिरीज बोर्ड तेव्हाच काढायचा. ही घाई न करण्यामागे हिशेब आहे. आउटपुट जर सप्लायला चिकटला तर स्पीकरच्या सहाएक ओहमच्या व्हॉइस कॉइलमध्ये दोनशे वॅट डीसी जातात. कॉइल काही सेकंदांत जळते. बाजारात रिलेची तयार स्पीकर प्रोटेक्शन किट मिळतात. स्पीकर महागाचा असेल तर बसवाच.

बदल करायला सुरुवात

इथपर्यंत जो अ‍ॅम्प तयार झाला तो खरं तर हाय-फाय अ‍ॅम्प आहे. गिटार थेट त्यात लावली तर आवाज बारीक आणि मंद येईल. कारण पिकअपला समोर १ मेगओहम लागतो आणि या सर्किटचं इनपुट २२ किलोओहमचं. पुढे टीएल ०७२ वर बांधलेला प्रीअँप किंवा एखादा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर हवा, जो एक व्होल्टपर्यंत सिग्नल देईल. २० किलोओहम आणि १ किलोओहमच्या फीडबॅकने गेन २१ होतो, त्यामुळे एका व्होल्टला अ‍ॅम्प पूर्ण जोरावर येतो.

पहिला बदल अगदी सोपा. इनपुटला १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल तर तो काढून ०.१ चा लावा. २२ किलोओहमसोबत तो ७२ हर्ट्झच्या खालचं कापायला लागतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे. त्याखाली असतो तो तळहाताचा धप्पा, स्टेजची कंपनं आणि पेडल दाबल्याचा ठोका. स्पीकरचा कोन उगाच हलवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. बास गिटार ४१ हर्ट्झपर्यंत जाते, तिच्यासाठी हा बदल करू नये.

आता मुख्य गोष्ट. ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे स्पीकरचा कोन स्वतःच्या सुरावर हलू पाहतो तेव्हा अ‍ॅम्प त्याला झोपाळा हाताने धरून ठेवावा तसा थांबवतो. संगीत ऐकण्यासाठी हे उत्तमच. पण गिटार स्पीकर वाद्याचाच भाग आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स बराच जास्त असतो, म्हणून स्पीकरचा इम्पीडन्स जिथे वर जातो, म्हणजे ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपासच्या अनुनादावर आणि वरच्या तीव्र सुरांत, तिथे आवाजही वर येतो. खाली गोलाई, वर धार. लोक ज्याला 'व्हॉल्व्हची ऊब' म्हणतात तिचा मोठा हिस्सा एवढाच आहे.

हे आपल्या अ‍ॅम्पमध्ये आणायला एक रेझिस्टर पुरतो. स्पीकरची परतीची वायर ग्राउंडच्या बोल्टवरून सोडवा आणि मध्ये ०.२२ ओहम, ५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर घाला. स्पीकरचं उणे टोक, मग रेझिस्टर, मग ग्राउंड. आता फीडबॅकमधल्या १ किलोओहमच्या रेझिस्टरसोबत जो इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर ग्राउंडला गेलेला आहे, त्याचं ग्राउंडचं टोक उचला आणि ते स्पीकरचं उणे टोक व ०.२२ चा रेझिस्टर जिथे भेटतात तिथे जोडा. झालं. अ‍ॅम्पला आता स्पीकरमधला करंटही कळतो. आउटपुट इम्पीडन्स गेन गुणिले रेझिस्टर, म्हणजे २१ गुणिले ०.२२, साडेचार ओहमच्या थोडा वर येतो. अनुनादावर जिथे स्पीकर ५० ओहमचा होतो, तिथे आवाज मधल्या सुरांच्या तुलनेत सुमारे ३ डेसिबल वर राहतो. ०.१ ओहम लावला तर हा परिणाम निम्म्यावर येतो.

बदल लागू झाला की नाही, हे कानावर सोडायची गरज नाही. मोबाइलवरून ४०० हर्ट्झचा सूर सोडा आणि स्पीकर न लावता आउटपुटवर ५ व्होल्ट एसी येईल एवढा आवाज ठेवा. आता ८.२ ओहमचा रेझिस्टर लावा. बदलाआधी मीटर पाचवरच राहतो. बदलानंतर तो ३.२ वर उतरला पाहिजे. उतरला नाही तर बहुधा स्पीकरचा जॅक गुन्हेगार आहे. पाव इंची धातूच्या जॅकची बाहेरची बाजू पॅनलला टेकते, पॅनल ग्राउंडला, आणि तुमचा ०.२२ चा रेझिस्टर शॉर्ट होऊन बसतो. इथे प्लास्टिक बॉडीचाच जॅक हवा.

०.४७ लावून आणखी 'ऊब' आणायचा विचार कोणाच्याही मनात येईल. एलएम ३८८६ ला तो लावू नका. ही चिप दहापट गेनच्या वरच स्थिर राहते. ०.४७ आणि ८ ओहमला प्रत्यक्ष गेन दहाच्या खाली सरकतो आणि चिप कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर आंदोलनं करू लागते. काही न वाजवता हीटसिंक कढत झाला तर समजा तेच चाललंय. ४ ओहमचा स्पीकर असेल तर त्याच कारणाने ०.१ च्या वर जाऊ नये. आणि ४ ओहमलाच वाजवायचं असेल तर ट्रान्सफॉर्मरही १८-०-१८ किंवा २०-०-२० चा घ्या. २४ वर चिपचं संरक्षण मध्येच जागं होतं आणि आवाज फटफट तुटतो.

दुसरा इलाज छाटणीवरचा. पॉवर अ‍ॅम्पला क्लिप होऊच द्यायचं नाही, त्याआधी सिग्नल मऊपणे दाबायचा. पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटआधी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला आणि त्यानंतर ग्राउंडकडे १एन ४१४८ डायोड, दोन एका दिशेने सिरीजमध्ये आणि दोन उलट दिशेने. ते सव्वा व्होल्टच्या आसपास सिग्नल गोल करतात. २१ ने गुणलं की २६ व्होल्ट, म्हणजे अ‍ॅम्पच्या २८ च्या मर्यादेआधीच. ०.२२ चा बदल केला असेल तर ८ ओहमला गेन तेराच्या आसपास उतरलेला असतो. मग हे चार डायोड फार लवकर दाबतील. त्यांच्या जागी दोन लाल एलईडी उलट-सुलट लावा. त्यांची मर्यादा पावणेदोन व्होल्टच्या आसपास असते, ती इथे बरोबर जुळते. हिरव्या-निळ्याचा व्होल्टेज वेगळा, म्हणून लालच.

जुना अ‍ॅम्प हाती आला तर

ऑर्केस्ट्राच्या काळातले, २एन ३०५५ आणि एमजे २९५५ यांच्या जोडीवर बांधलेले अ‍ॅम्प अजून माळ्यावर सापडतात. ते फेकू नका. सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदला, दोन पिनी वायर काढून तीन पिनी घाला आणि बायस तपासा. हळू वाजवताना आवाज खरखरीत आणि जोरात वाजवताना बरा, हे बायस कमी असल्याचं लक्षण. इनपुट मोकळं ठेवून एमिटरच्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजा. पाचेक मिलिव्होल्ट म्हणजे पंचवीसच्या आसपास मिलिअँपियर, तेवढा पुरे. प्रीसेट अगदी हळू फिरवा, अ‍ॅम्प तापू द्या, पुन्हा मोजा. आकडा वाढतच चालला असेल तर बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट चिकटलेला नाही. हा दोष दुरुस्त न करता तो अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुटची जोडी जाणारच.

बाजारातला पंधरा-वीस वॅटचा छोटा सरावाचा अ‍ॅम्प असेल तर त्यात फारशी चिरफाड करू नका. त्याच्या आतला सहा-आठ इंची स्पीकर ही त्याची खरी अडचण असते. मागे एक जॅक काढून त्याच ओहमच्या बारा इंची गिटार स्पीकरला जोडा. अठरा मिलिमीटर प्लायवूडचं, मागून अर्धं उघडं खोकं सुतार एका दिवसात करून देतो. बारा इंची 'डीजे वूफर' मात्र त्यात घालू नका. त्याचा कोन जड असतो, तीव्र सुरांत तो आंधळा. गिटार स्पीकरचा पातळ कागदी कोन पाचेक किलोहर्ट्झपर्यंत चांगला ओरडतो आणि त्यानंतर आपोआप शांत होतो. डिस्टॉर्शन पेडलची कर्कश खरखर तोच गाळतो.

काम संपल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर दोन्ही सप्लायचे व्होल्ट, आउटपुटचा डीसी, फ्यूजचे अँपियर, स्पीकर किमान किती ओहमचा हे, आणि स्पीकरचं उणे टोक ग्राउंडला जोडायचं नाही ही सूचना लिहा. उद्या हा अ‍ॅम्प दुरुस्तीला दुसऱ्याच्या हाती जाईल. त्याला आत काय आहे हे माहीत नसलं तर तो सवयीने स्पीकरची उणे वायर चासीला मारेल आणि तुमचा बदल नाहीसा होईल.

आणि पहिल्या कार्यक्रमाला जाताना टेस्टर आणि मल्टिमीटर सोबत ठेवा. प्लग घालण्याआधी सॉकेटची अर्थची पिन मल्टिमीटरने फेजशी तपासा. २३० च्या आसपास दाखवलं नाही तर मांडववाल्याला बोलवा आणि त्याने अर्थिंग दिल्याशिवाय गिटार गळ्यात घालू नका.